चोर आहेत हे माहीत असूनही टॅमनीला मतं का पडायची?

कोकणकडा_७७:
मंडळी, सध्या १८७०-९० च्या न्यूयॉर्कबद्दल वाचतोय. टॅमनी हॉल म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाची तिथली यंत्रणा, तिच्या बॉस ट्वीडने एका कोर्टाच्या इमारतीवर एक कोटीच्या वर डॉलर खर्च दाखवून बिलं फुगवून पैसे खाल्ले, शेवटी १८७८ ला जेलमध्येच मेला, इथपर्यंत समजलं. पण त्यानंतरही तीच मंडळी निवडून येतात! १८९४ मध्ये सुधारणावाले स्ट्राँग मेयर म्हणून निवडून आले, रस्ते साफ झाले, आणि १८९७ ला लोकांनी परत टॅमनी. इमिग्रंट लोकांना कळत नव्हतं का, की सगळी मतं विकलेलीच?

धोबीपछाड:
कळत होतं हो, न कळायला काय झालं. पण बोटीतून उतरलेल्या आयरिश माणसाला विचारणारं दुसरं होतं कोण? बेकारभत्ता वगैरे प्रकारच नव्हता. टॅमनीचा गल्लीतला माणूस नागरिकत्वाचे कागद करून देणार, पोलिसात नाहीतर झाडूखात्यात चिकटवणार, पोराला उचललं तर जामिनाला उभा राहणार, थंडीत कोळसा पाठवणार. १८९३ ला मंदी आली तेव्हा तर हेच सगळ्यात जास्त कामाला आलं. बदल्यात काय मागतो तर एक मत. आणि त्याच झाडूखात्यावर स्ट्राँगसाहेबांनी कर्नल वेअरिंगला बसवला, त्याने कामगारांना पांढरे कपडे घातले, ढिगारे उचलले, काम खरंच भारी केलं, पण वशिल्याच्या जागा गेल्या ना!

सांजवेळ:
शिकागोचं एक उदाहरण देते. जेन अ‍ॅडम्स या समाजसेविकेने १८८९ मध्ये तिथल्या इमिग्रंट वस्तीत हल हाऊस नावाचं सेवाकेंद्र काढलं. बाई नुसत्या भाषण देणाऱ्या नव्हत्या, १८९५ मध्ये स्वतः वॉर्डाच्या कचरा इन्स्पेक्टर झाल्या. पण त्या वॉर्डाचा नगरसेवक जॉनी पॉवर्स, त्याला पाडायचे प्रयत्न दोनदा फसले. त्याच्याबद्दल त्यांनी १८९८ मध्ये लेख लिहिला, त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. हल हाऊसच्या पाळणाघरात एक टाकून दिलेलं बाळ गेलं, यांनी सरकारी खर्चाने पुरायची व्यवस्था केली, यांच्या मते त्यात काहीच गैर नव्हतं. शेजारच्या बायका हादरल्या, बेवारसासारखं पुरणार?? आणि त्या गरीब बायकांनीच वर्गणी काढायला घेतली. पॉवर्सला हे सांगावं लागत नव्हतं. कोणाच्या घरी मयत झाली की तो गाड्या पाठवायचा, खर्च उचलायचा. शिवाय त्या लेखातच आहे की वॉर्डातली २,६०० माणसं सरकारी पगारावर होती. अशा माणसाला भ्रष्टाचाराच्या मुद्द्यावर कसं पाडणार सांगा.

खवट_तात्या:
सगळं बरोबर पण मुख्य मुद्दा राहिला, बिअर. जर्मन लोक १८९४ ला टॅमनीच्या विरोधात गेले होते, म्हणजे ही सुधारणावाल्यांची हक्काची मतं. मग पोलीस कमिशनर झाले थिओडोर रूझवेल्ट (हो, पुढे अध्यक्ष झाले तेच) आणि रविवारी गुत्ते बंद ठेवायचा जुना कायदा त्यांनी खरोखर लावला. सहा दिवस राबणाऱ्या माणसाचा एकच सुट्टीचा दिवस, जर्मन तर बायकापोरांसकट बिअर गार्डनला जाणारे. झाली ना मतं गुल. पुढे १८९६ मध्ये राज्याने रेन्स कायदा आणला, रविवारी दारू फक्त हॉटेलात आणि जेवणासोबत. लगेच गुत्तेवाल्यांनी वर १० खोल्या काढल्या आणि झाले हॉटेल, टेबलावर तेच वाळकं सँडविच दिवसभर या गिऱ्हाइकाकडून त्या गिऱ्हाइकाकडे फिरतंय. आणि हो, १८९७ ला मेयरपदासाठी सुधारणावाले सेथ लो वेगळे उभे, रिपब्लिकन ट्रेसी वेगळे, दोघांची मतं मिळवली तर टॅमनीच्या व्हॅन वाइकपेक्षा जास्त भरतात. त्यामुळे "लोकांनी परत आणलं" हे अर्धंच खरं.

कोकणकडा_७७:
सँडविच 😂 मतविभागणीचं माहीत नव्हतं, धन्यवाद तात्या. पण गुप्त मतदान आल्यावर तरी फरक पडायला हवा होता ना?

धोबीपछाड:
पडला, पण दोन्ही बाजूंनी. आधी मतपत्रिका पक्षच छापायचे, कागदाच्या रंगावरून कोण काय टाकतोय ते लांबून दिसायचं. १८८८ ला मॅसॅच्युसेट्सने सरकारी छपाईची गुप्त मतपत्रिका आणली आणि पाचेक वर्षांत बहुतेक राज्यांत ती आली. आता मत विकत घेऊन खात्री कशी करणार, हा बॉस लोकांना त्रास झालाच. पण ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्याचीही पंचाईत झाली, आणि काही सुधारणावाल्यांना तेच हवं होतं. दक्षिणेत तर आर्कान्सासने १८९१ मध्ये हाच कायदा आणून निरक्षर काळ्या मतदारांना बाजूला काढलं. त्यापुढे टॅमनीवाले बरे म्हणायचे, त्यांना निदान ही माणसं मतदानाला यायला हवी होती.