शब्दचर्चा: बारी की घाट? आणि ‘फॉल्स फ्लॅट’ला काय म्हणायचं?

मळवाट
नाशिक–पिंपळगाव बसवंत–सोग्रस फाटा–देवळा–सटाणा या सायकलमार्गाचं मराठी पत्रक तयार होतंय. सामान लादून एकट्याने जाणाऱ्यासाठी आहे. मसुद्यात एक वाक्य होतं: ‘बारीच्या अलीकडे थांबून ब्रेकचे रबर बघा, बारी ओलांडली की लगेच उतार आहे.’ तपासणाऱ्याने दोन्ही ठिकाणी ‘बारी’ खोडून ‘घाट’ केलं. शेरा असा, की बारी हा बोलीतला शब्द आहे.
आता वाक्याचा अर्थच बदलला. ‘घाटाच्या अलीकडे’ म्हणजे चढ सुरू होण्याआधी, आणि ‘घाट ओलांडला’ म्हणजे उतारही संपला. माणूस ब्रेक पायथ्याशी बघणार आणि माथ्यावरून तसाच सुटणार. कोणता शब्द ठेवावा?
दुसरी अडचण ‘फॉल्स फ्लॅट’ची. रस्ता सपाट दिसतो, पण एक-दोन टक्के चढ असतो. याला मराठीत काय म्हणायचं?

बागलाणी
बारीच ठेवा. घाट म्हणजे चढणीचा सगळा वळणांचा रस्ता. बारी म्हणजे डोंगराच्या धारेतली ती एक फट, जिथून पलीकडचं दिसायला लागतं. आपल्याकडच्या डोंगररांगांची नावंच सेलबारी आणि डोलबारी आहेत. १६७० साली सुरतेहून परतताना महाराजांची मोगलांशी लढाई झाली ती कांचनबारीत. कळसूबाईच्या पायथ्याच्या गावाचं नाव बारी. आणि तुमच्या पत्रकातल्या वाटेवर भावडबारी येते, तिथलं नाव कसं खोडणार?

नीरक्षीर
भावडबारीला लोक ‘भावडबारी घाट’ म्हणतात, मग बारीने काम भागतं कुठे? पत्रक पुण्या-कोल्हापूरचा माणूसही वाचेल. त्याच्यासाठी ‘खिंड’ हा प्रमाण शब्द तयार आहे, तो वापरा. पत्रकातला शब्द सगळीकडे एकाच अर्थाने कळला पाहिजे.

बागलाणी
‘भावडबारी घाट’ म्हणजे भावडबारीला चढणारा घाट. दोन शब्दांची दोन कामं आहेत हे त्या नावातच दिसतं. खिंड म्हटलं की दोन्ही बाजूंनी कडे असलेली अरुंद वाट डोळ्यांसमोर येते. सातमाळा डोंगररांगेतल्या बाऱ्या तशा नाहीत, पुष्कळशा उघड्या, पसरट आहेत. म्हणून तर तिथे वारा लागतो.

गोदाकाठ
व्युत्पत्तीने बघा. संस्कृत द्वार, प्राकृतात बार, त्यावरून बारी. गुजरातीत आजही बारी म्हणजे खिडकी आणि बारणुं म्हणजे दार. डोंगराची खिडकी ती बारी. गुजरातची हद्द इतकी जवळ असताना हा शब्द बागलाणात, म्हणजे सटाण्याच्या भागात, रुजला यात नवल नाही. हिला गावठी म्हणणं पटत नाही.
जाता जाता: पुणे जिल्ह्यात बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीला घाट म्हणतात आणि एकेका गाड्याच्या धावेला बारी. तिथली बारी पाळी या अर्थाची, म्हणजे वेगळी. पण जुन्नरकडच्या माणसाला ‘घाट’ आणि ‘बारी’ एकाच वाक्यात दिलेत तर त्याचा गोंधळ होईल.

आरे_आणि_छर्रे
फॉल्स फ्लॅटबद्दल. शब्द शोधण्याआधी ती गोष्ट काय आहे ते नीट मांडतो. माणूस, सायकल आणि सामान मिळून १०० किलो धरा. दोन टक्के चढ म्हणजे सतत दोन किलोची ओढ मागे. चांगल्या डांबरावर चाकांचा एरवीचा विरोध एक किलोच्या आतबाहेर. म्हणजे ताशी १५ किलोमीटरच्या वेगाने जाताना, वाऱ्याचा विरोध धरूनही, काम अडीचपट होतं आणि डोळ्याला काहीच दिसत नाही. सहा टक्क्यांचा घाट संपल्यावर हाच चढ उतारासारखा भासतो. त्यात मागे डोंगर असला की क्षितिज फसवतं.
ओळखायची रीत अशी. वारा नसताना १५ च्या वेगात पायडल थांबवा आणि फ्रीव्हीलची कुत्री, म्हणजे मागच्या चाकातले कटकटणारे खटके, ऐका. सपाटीवर कटकट लांबत जाते, सायकल सत्तर मीटरच्या पुढे सहज जाते. चढ असेल तर कटकट पटापट विरळ होते आणि पंचवीस-तीस मीटरमध्ये पाय टेकवावा लागतो.
चूक होते ती इथे: माणूस सपाटीचा गिअर सोडत नाही. गुडघ्यावर जोर येतो, दोन तासांत मांड्या संपतात, आणि वाटतं ब्रेक घासतोय किंवा हवा कमी झालीय. दोन दात हलका गिअर घ्या, पायाची फेर मिनिटाला ७५-८० ठेवा, वेग पडू द्या.
शब्द सुचवतो: मुका चढ. मुक्या मारासारखा. वरून खूण नाही, आतून दुखतं.

नीरक्षीर
‘मुका चढ’ कानाला गोड आहे, पण कोणीही तसं म्हणत नाही. घडवायचाच तर अर्थ थेट सांगणारा घडवा: ‘सुप्त चढ’ किंवा ‘आभासी सपाटी’.

मळवाट
आभासी सपाटी वाचायला समजते, पण उन्हात, घामाने भरलेल्या डोळ्यांनी पत्रक बघणाऱ्याला दोन अक्षरी विशेषण लवकर कळेल. सायकलच्या दुकानात ‘सायकल जड लागते’ एवढंच म्हणतात. ‘जड रस्ता’ कसं वाटतं?

बागलाणी
जड रस्ता म्हणजे खडी-वाळूचा रस्ता असा समज होईल. मला मुका चढ आवडला.
पत्रकात पाण्याचं काय लिहिलंय? चाळिशीच्या उन्हात तासाला लिटरभर पाणी जातं. नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस पाणी कमी पडलं समजून आणखी पितो. लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढं पत्रकात हवंच.

गोदाकाठ
आणि सराटे! पावसाळा संपला की कडेच्या मातीत पसरतात. पत्रकात ‘गोखरू’ लिहिलंय की ‘सराटा’?

मळवाट
गोखरू. तेही तपासणाऱ्याने बदललंय.

आरे_आणि_छर्रे
परत सराटा करा. गोखरू हे काष्ठौषधींच्या दुकानातलं नाव, शिवाय मोठं गोखरू ही वेगळीच वनस्पती आहे. टायरमध्ये घुसतो तो सराटा. फळ वाळलं की पाच फाकी सुटतात, प्रत्येकीला दोन मोठे काटे आणि दोन बारके. कशीही पडली तरी एक टोक वर राहतं.
सावलीला म्हणून रस्ता सोडून बाभळीखाली सायकल नेऊ नका, उचलून न्या. परत डांबरावर येताना टायरवरून कापड फिरवा. पंक्चर काढताना ट्यूबचं भोक वॉल्व्हपासून किती लांब आहे ते मोजा आणि टायरवर तीच जागा शोधा. तुटलेलं टोक आत असतं. आतून बोट फिरवू नका, कापूस फिरवा, काटा कापसाला धरतो. सोल्युशन पूर्ण सुकल्याशिवाय पॅच चिकटवला तर तो तापलेल्या रस्त्यावर तासाभरात सुटतो.

नीरक्षीर
सराटा मान्य, तो कोशातही आहे आणि सगळीकडे कळतो. बारी मात्र अजून मान्य नाही. कंसात ‘खिंड’ द्या.

बागलाणी
कंसात द्यायचं तर ‘माथा’ द्या. ब्रेक माथ्याशी बघायचे आहेत.

गोदाकाठ
माथा म्हणजे शिखर. वाटसरू डोंगरावर चढेल.

मळवाट
पत्रक शुक्रवारी छपाईला जातंय. बागलाणी, भावडबारीच्या अलीकडे थांबायला कडेला सपाट जागा कुठल्या वळणावर आहे? ते कळलं तर वाक्यात शब्दाऐवजी वळणच लिहितो.