पुढचे शॉकअप बदलताना ब्रेक कॅलिपर काढावाच लागतो का?

प्रश्न
स्विफ्टचे पुढचे दोन्ही शॉकअप तेल गळतायत, घरीच बदलणार आहे. जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), सॉकेट सेट आणि टॉर्क रेंच आहे. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा ब्रेकचा भाग) काढायचा का? काढला तर ब्रेक ऑईलमधली हवा काढावी लागेल? उजव्या चाकाचं बेअरिंगही घुमतंय, तेही लगे हात बदलायचंय.

पानेवाला
डाव्या बाजूला कॅलिपरला हातही लावू नका, गरजच नाही. शॉकअपच्या नळीवर ब्रेक पाईप धरणारी पट्टी आणि एबीएसच्या वायरची क्लिप आधी सोडवा. स्टॅबिलायझर बारची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची) लिंक शॉकअपला जोडलेली असेल तर तीही. मग शॉकअपला नकल (चाकाचं बेअरिंग आणि कॅलिपर ज्यावर बसतात तो भाग) जोडणारे दोन मोठे बोल्ट. दुसरा बोल्ट काढण्याआधी नकल बाइंडिंग वायरने बांधून घ्या. बांधला नाही तर तो बाहेर कलंडतो, सगळा भार ब्रेक पाईपवर येतो आणि ड्राईव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट निसटू शकतो.

डिस्क_ड्रम
उजवीकडे बेअरिंगसाठी नकल काढायचाय, म्हणजे तिथे कॅलिपर निघणारच. एक्सलचा नट मात्र गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, आणि बसवताना नवा वापरा.

कॅलिपरला बोल्टच्या दोन जोड्या असतात. लहान जोडी स्लाइड पिनची (कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांची), ती सोडू नका. मागच्या बाजूने ब्रॅकेट (कॅलिपर ज्यावर बसतो ती चौकट) नकलला धरणारे दोन मोठे बोल्ट काढा, म्हणजे पॅडसकट अख्खा कॅलिपर एकत्र निघतो. डिस्कच्या कडेला झिजेची धार आली असेल तर पॅड तिथे अडकतात. ओढाताण न करता कॅलिपर हाताने बाहेरच्या बाजूला दाबून धरा, पिस्टन थोडा मागे सरकतो. त्याने टाकीतलं ब्रेक ऑईल वर चढतं, तेव्हा पातळी आधीच बघून ठेवा. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतं.

निघालेला कॅलिपर वायरने बॉडीला टांगा. पाईपवर लोंबकळू दिला तर आतलं रबर फाटतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पाईपचा जोड उघडला नाही तर हवा काढायची गरज नाही.

डिस्क गंजून हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) चिकटली असेल आणि तिच्यावर आटे पाडलेली दोन भोकं असतील तर त्यात बोल्ट आलटून पालटून आवळा, ती आपोआप सुटते. हातोडा मारू नका.

प्रश्नकर्ता
कॅलिपर टांगलेला असताना चुकून पेडल दाबलं गेलं तर?

डिस्क_ड्रम
पॅडमध्ये डिस्क नसते, त्यामुळे पिस्टन पुढे सरकत राहतो आणि शेवटी बाहेर पडतो. मग ऑईल सांडतं, हवा शिरते, सील तपासावे लागतात. खबरदारी म्हणून पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी फळी अडकवून ठेवा.

पानेवाला
दोन गोष्टी राहिल्या. स्प्रिंग कंप्रेसरने स्प्रिंग पूर्ण दबून वरच्या माउंटवरचा भार गेल्याशिवाय शॉकअपचा मधला नट अजिबात सोडू नका. स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. कंप्रेसर नसेल तर तेवढं काम गॅरेजमधून करून घ्या.

बसवताना ब्रॅकेटचे बोल्ट आधी हाताने चार-पाच आटे फिरवा, मग मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. तिरका बसला तर नकलचेच आटे जातात. ब्रेक पाईपला पीळ नाही ना, हे स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबा, पहिल्या दाबाला ते खालीच जातं. शॉकअपचे खालचे बोल्ट सुटले म्हणजे कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) हलतो, तेव्हा त्याच दिवशी चाकांची अलाइनमेंट करून घ्या.