शार्कविषयी लोकजागृती मच्छीमारांना सोबत घेऊन कशी करावी?

खाडीकाठ: कोकणातील बाजारांत मुशीची, म्हणजे शार्कची, लहान पिल्ले सर्रास विकली जातात आणि शार्क म्हटले की लोकांना केवळ भीती वाटते. मच्छीमारांना दोषी न ठरवता आस्था कशी निर्माण करावी?

वेरावळवासी: गुजरातचा अनुभव पाहावा. होड्यांना लावायच्या यकृततेलासाठी आणि मांसाच्या निर्यातीसाठी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची मोठी शिकार होत असे. २००१ मध्ये या माशाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या, सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या, पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. तरीही माझ्या मते मने वळली ती २००४ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेमुळे, कारण रामकथाकार मोरारी बापूंनी या माशाला बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली आणि पूर्वी शिकार करणारे मच्छीमारच स्वतःची जाळी कापून त्याला सोडू लागले.

दर्यासखी: जाळे कापल्याने होणारे नुकसान एकट्या मच्छीमाराने सोसावे, अशी अपेक्षा अन्यायकारक ठरेल. महाराष्ट्रातही २०१८ पासून संरक्षित सागरी जीव सोडताना फाटलेल्या जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते; सुटकेची छायाचित्रे मात्र काढून ठेवावी लागतात. ही माहिती प्रत्येक बंदरावर पोहोचवावी.

खाडीकाठ: आभारी आहे. ग्राहकांना काय सांगावे?

दर्यासखी: शार्क उशिरा वयात येतात आणि बहुतेकांना पिल्ले थोडीच होतात, त्यामुळे घटलेली संख्या भरून निघण्यास फार काळ लागतो. म्हणून पिल्ले विकत घेऊ नयेत, एवढी विनंती प्रथम करावी.