वाहिनीचा पुरस्कार हा पुरस्कारच नव्हे काय?

गिरगावची वाचक:
परवा ‘दादरकर’ यांनी येथे लिहिले की, मराठी वाहिन्यांचे वार्षिक सोहळे म्हणजे घरच्यांनीच घरच्यांना वाढलेली ताटे आहेत, ते बंद करावेत आणि त्यांच्या जागी अमेरिकेतील एमी या दूरचित्रवाणी पुरस्कारांसारखा एकच सोहळा मुंबईत भरवावा. तेवढ्यावर मी गप्प बसले असते. परंतु ‘सर्वोत्कृष्ट सून’ निवडायला मत देणाऱ्या प्रेक्षकाला अभिनयातले काय कळते, हे त्यांचे शेवटचे वाक्य दोन दिवस मनातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचे चाळीतील जिने उतरणे बंद झाले आणि संध्याकाळी सात ते दहा या वेळेतल्या मालिका हाच त्यांचा बाहेरच्या जगाशी उरलेला संबंध झाला. गेल्या वर्षी मतदान सुरू झाले तेव्हा, ज्या नायिकेची मालिका त्या एक दिवसही चुकवत नाहीत तिला मत द्यायला त्यांनी साफ नकार दिला. ‘ती रडताना आपण कशा दिसतो याकडे लक्ष ठेवून रडते,’ असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी मत दिले ते त्याच मालिकेतील आत्येच्या भूमिकेला, कारण त्या बाई स्वयंपाकघरातील प्रसंगात खरोखर पोळी लाटतात आणि लाटताना पोळी पोळपाटावर आपोआप फिरते. इतके बारीक पाहणाऱ्या बाईंना कळत नाही, असे म्हणण्याचा अधिकार दादरकरांना कोणी दिला?

दादरकर:
आपल्या सासूबाईंना लागेल असे वाक्य मी लिहायला नको होते, ते मी मागे घेतो. मूळ मुद्दा मात्र मागे घेत नाही. त्यांची नजर तीक्ष्ण असेल. पण त्यांच्यापुढे मतपत्रिका कोणती आली? एकाच वाहिनीच्या मालिकांची. त्याच वेळी शेजारच्या वाहिनीवर दुसरी एखादी अभिनेत्री याहून सुंदर काम करत असेल, तर त्या पोळी लाटणाऱ्या बाईंची तिच्याशी तुलना कधी होणारच नाही. ज्या निवडणुकीत सगळे उमेदवार एकाच पक्षाचे असतात तिचा निकाल मी निकाल मानत नाही.

एमीत अभिनयाची नामांकने अभिनेते ठरवतात, लेखनाची लेखक ठरवतात आणि सगळ्या वाहिन्यांचे काम एकाच तागडीत पडते. म्हणूनच 2022 साली ‘स्क्विड गेम’ या कोरियन मालिकेच्या नायकाला इंग्रजी मालिकांच्या नायकांसमोर सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळू शकला. न्यूयॉर्कमध्ये दिल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय एमीत 2020 साली ‘दिल्ली क्राइम’ सर्वोत्कृष्ट नाट्यमालिका ठरली. परदेशातील परीक्षक आपल्या हिंदी मालिकेची तुलना इतर देशांच्या मालिकांशी करू शकतात. मग मुंबईत रात्री आठच्या दोन मराठी मालिका शेजारी ठेवून पाहणे आपल्याला इतके अवघड का व्हावे?

तिसरी घंटा:
दादरकर, आपण एमीला देव्हाऱ्यात बसवले आहे. ‘बेटर कॉल सॉल’ या मालिकेला सहा पर्वांत 53 नामांकने मिळाली आणि पुरस्कार एकही मिळाला नाही. हे सामान्य प्रेक्षकांच्या मतदानाने झाले नाही, त्या क्षेत्रातील जाणकारांनीच केले. शिवाय एमीचा पहिला सोहळा 25 जानेवारी 1949 रोजी झाला तेव्हा केवळ लॉस एंजेलिसमध्ये तयार झालेले कार्यक्रम पात्र होते, त्यात एक पुरस्कार सरळसरळ लोकप्रियतेचा होता आणि उत्कृष्ट व्यक्तिमत्त्वाचा मान बाहुली बोलवणाऱ्या शर्ली डिन्सडेल या तरुण शब्दभ्रमकार मुलीला मिळाला. त्यांचीही सुरुवात घरगुतीच होती.

परीक्षक आले की न्याय आला, हा भ्रम माझ्या मनातून महाविद्यालयातच गेला. आमच्या एकांकिकेच्या वेळी तीनपैकी एक परीक्षक पहिल्या प्रवेशानंतर बाहेर गेले ते शेवटच्या अंधाराला परतले, आणि अभिप्राय देताना मधला प्रवेश रेंगाळल्याचे त्यांनीच आम्हाला सांगितले. त्याला आता बावीस वर्षे झाली, तरी मला ते विसरता आलेले नाही.

रात्रपाळी:
इतका वेळ वाचत होतो. आपण सगळे नायिकेविषयी आणि परीक्षकांविषयीच भांडत आहात. मी चौदा वर्षे घोडबंदर आणि मढ येथील सेटवर दिवे लावले आहेत. बारा तासांची शिफ्ट, त्यानंतर बदललेल्या दृश्यासाठी थांबणे आणि शेवटची लोकल चुकली तर सेटवरच झोपणे, हे आमच्यासाठी नेहमीचे आहे.

काही वर्षांपूर्वी एका वाहिनीच्या सोहळ्यात आमच्या वयस्कर लाइटदादांचा पडद्यामागच्या कामासाठी सन्मान झाला. त्यांनी गावी चिपळूणकडे फोन करून सर्वांना प्रक्षेपणाची तारीख कळवली. रविवारी त्यांच्या घरात वाडीतली तीस-चाळीस माणसे टीव्हीसमोर बसली. साडेतीन तासांचा कार्यक्रम संपला, पण त्यात दादा नव्हते. एका नृत्याआधी प्रेक्षागृहाच्या दृश्यात त्यांच्या टाळ्या वाजवणाऱ्या हातांची झलक तेवढी आली. आई त्यांना फोनवर म्हणाली, ‘तुला खरंच मिळालं ना रे?’

ज्या एमीसाठी आपण वाद घालत आहात ते नावसुद्धा कॅमेऱ्यातील एका नळीच्या ‘इमी’ या लाडक्या नावावरून आले आहे, आणि ती पुतळी लुई मॅकमॅनस या अभियंत्याने घडवली. त्या पुरस्काराच्या नावात आणि मूर्तीत तंत्रज्ञ आहे, आणि आमच्या सोहळ्यात तो संकलनात कापला जातो.

दादरकर:
हे तर माझ्याच बाजूचे उदाहरण झाले. सोहळा वाहिनीचा, प्रक्षेपण वाहिनीचे आणि कात्रीही वाहिनीची, म्हणूनच हे घडते.

गिरगावची वाचक:
मला हे पटत नाही. एमीतही तंत्रज्ञांचे बहुतेक पुरस्कार मुख्य रात्री दिले जात नाहीत. त्यांचा वेगळा सोहळा आधी होतो. मुख्य प्रक्षेपणात तेथेही नायक-नायिकाच दिसतात.

रात्रपाळी:
बाई, वेगळा दिवस देणे आणि कापून टाकणे यांत फरक आहे. तेथे त्या माणसांना त्यांची स्वतःची संध्याकाळ मिळते आणि अलीकडे ती संपादित स्वरूपात का होईना, दाखवली जाते. आमच्या दादांना मात्र कुणाला एक मिनिटही देता आला नाही. आपण आपल्या सासूबाईंच्या मानासाठी इतके लिहिले, मग दादांच्या आईचा मान आपल्याला दिसू नये?

हिशेबनीस:
मी निर्मितीसंस्थेत हिशेब पाहतो, म्हणून स्पष्ट लिहितो. त्या साडेतीन तासांचा खर्च प्रायोजक उचलतात आणि ते जोडीच्या नृत्यासाठी पैसे देतात, तंत्रज्ञाच्या सन्मानासाठी देत नाहीत. त्या भागाला टीआरपी आला नाही तर पुढच्या वर्षी सोहळाच होणार नाही. हे कटू वाटेल, पण खर्चाची बाजू अशीच आहे.

रात्रपाळी:
त्या नृत्यावर पडणारा प्रकाश कोण पाडतो, हेही आपल्या हिशेबात लिहा. आमचे पैसे नव्वद दिवसांनी येतात, तेव्हाही आम्हाला अशीच शांतपणे खर्चाची बाजू समजावली जाते. चाळीस सेकंदांनी कोणता प्रायोजक बुडणार होता, ते सांगा.

हिशेबनीस:
चाळीस सेकंदांनी कोणी बुडत नाही, हे मान्य करतो. त्याहून अधिक मान्य करणार नाही.

तिसरी घंटा:
मीही एवढे मान्य करतो की, प्रेक्षकांच्या मतदानाची बाजू घेताना ते मतदान कशाकशासाठी होते याचा विचार मी केला नव्हता.

गिरगावची वाचक:
काल रात्री मी रात्रपाळी यांचे लिखाण सासूबाईंना वाचून दाखवले. त्या मालिकेत तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावण्याचा प्रसंग असतो. दिव्याचा उजेड आधी आत्येच्या हातांवर येतो आणि मग चेहऱ्यावर चढतो, हे त्यांनी मला अनेकदा दाखवले होते आणि मी कधी नीट पाहिले नव्हते. त्यांनी विचारले, ‘तो उजेड करणाऱ्याला मत द्यायची जागा कुठे होती? मी दिलं असतं.’ तशी जागा मतदानात नव्हती, हे मला कबूल करावे लागले. वाहिन्यांचे सोहळे बंद करावेत हे मला आजही मान्य नाही, पण ती जागा असायला हवी.

दादरकर:
जागा असती तरी तेथे त्याच एका वाहिनीचे दिवे असते. मात्र सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.