डुकरासाठी बंदूक: परवाना सैल करायचा की आवळायचा?

कातळसडा

माझी मागणी साधी आहे. शेतीसंरक्षणाच्या बंदुकीची फाईल स्वसंरक्षणाच्या पिस्तुलांच्या गठ्ठ्यातून वेगळी काढा आणि तिचा निकाल तालुक्यातच लागू द्या.

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम १३(३) बघा. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी कोणी ठासणीची बंदूक (नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासायची) मागितली, तर परवाना 'द्यावा' अशी भाषा आहे, 'देता येईल' अशी नाही. ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही असं दिसलं तर गुळगुळीत नळीची काडतुसाची बंदूकही देता येते. नाकारायचं असेल तर कलम १४ प्रमाणे कारणं लेखी नोंदवावी लागतात, आणि अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढंच कारण चालत नाही. दोन कुणगे (भाताचे तुकडे) आणि चार माड असलेल्या माणसासाठी याहून बरं कलम कोणी लिहिलं नसतं.

आता व्यवहार. अर्ज नमुना ए-१ मध्ये. सोबत वैद्यकीय दाखला, सात-बारा, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. असं प्रमाणपत्र देणारा प्रशिक्षक शहराबाहेर शोधून दाखवा! मग पोलीस अहवाल. २०१६ च्या नियमांनी त्याला ३० दिवसांची मुदत आहे. मुदतीत आला नाही तर अधिकाऱ्याला वाट न बघता निर्णय देता येतो, पण 'त्याला योग्य वाटल्यास'. त्या तीन शब्दांवर फाईल वर्षभर झोपते.

आणि अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत गाव असेल तर वन्यजीव कायद्याचं कलम ३४ आडवं येतं. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवीन परवाना नाही. म्हणजे राधानगरी अभयारण्याच्या कुशीतल्या वाड्यांत, जिथे डुकरांचे कळप उतरतात, तिथेच बंदूक मिळणं सगळ्यात अवघड.

मग लोक करतात काय? फासकी (तारेचे फास) लावतात, गावठी बॉम्ब पेरतात, कुंपणाच्या तारेला थेट लाईनचा आकडा टाकतात. फासकीत बिबट्या अडकतो, बॉम्ब गाईच्या जबड्यात फुटतो, तारेला पहाटे पाणी सोडायला निघालेला शेजारी चिकटतो. बंदुकीचा चाप निदान माणूस बघून ओढतो.

रानवाट

'बघून ओढतो' यावर नंतर बोलू. आधी मुळातला घोटाळा. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. गावोगाव हा गैरसमज आहे आणि तुमच्या पोस्टने तो पक्काच होईल.

रानडुक्कर पूर्वी वन्यजीव कायद्याच्या अनुसूची ३ मध्ये होतं. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून ते अनुसूची २ मध्ये आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११(१)(ख) खाली मारायची परवानगी मिळते, पण ती मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारीच देतो, तीही कारणांसह लेखी. ती खिशात नसताना बार काढलात, तर शस्त्र परवाना कितीही पक्का असो, गुन्हा शिकारीचाच. गवा तर सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूची १ मध्ये. त्याच्याकडे नळी वळवायचीच नाही.

आणि कोणी मोठ्याने बोलत नाही ती गोष्ट: परवानगीने मारलेलं डुक्करही कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता असतं. मटण वाटून घेता येत नाही, पंचनामा होऊन विल्हेवाट लागते. ही अट नीट पाळली तर पीकसंरक्षणाच्या परवान्यासाठीची निम्मी गर्दी आपोआप ओसरेल.

कातळसडा

रानवाट, तुमचं म्हणणं मला उलट पोषकच आहे. बंदूक महसूल-पोलिसांच्या हातात, डुक्कर वनखात्याच्या हातात, आणि भात दोघांच्याही हातात नाही. डुक्कर रात्री दोनला येतं, रेंजचं ऑफिस सकाळी दहाला उघडतं. केरळने २०२२ मध्ये पंचायत अध्यक्षांना मानद वन्यजीव रक्षकाचे अधिकार दिले, यादीतल्या परवानाधारकाकडून उपद्रवी डुक्कर मारून घ्यायची मुभा दिली. विष, स्फोटक आणि वीज यांना मात्र बंदी. ते आपल्याकडे का नको? सगळ्या गावाला बंदुका द्या असं मी म्हणत नाही. गावात दोन-तीन माहीतगार हात असले तरी पुरे.

मटणाबद्दल बोललात ते खरं आहे. नाकारत नाही.

झटका_आणि_गवत

दोन्ही बाजू बंदुकीलाच धरून बसल्यात. डुकराचा कळप बाराच्या संख्येने येतो. एक पडलं की बाकीचे चार दिवस लांब राहतात, पाचव्या दिवशी पलीकडच्या बांधावरून आत. बंदुकीने डुक्कर मरतं, वाट बंद होत नाही.

वाट बंद करतं ते सौर कुंपण, म्हणजे आपलं झटका मशीन. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत बसणाऱ्या गावांना त्यावर अनुदानही मिळतं. पण 'लावलं, चाललं नाही' अशी तक्रार येते त्याची कारणं ठरलेली आहेत:

खालची तार उंच लावतात. डुक्कर उडी मारत नाही, ते नाक जमिनीला लावून खालून घुसतं. पहिली तार जमिनीपासून वीतभर, दुसरी गुडघ्याला. पहिली तार फूटभर वर गेली की झटका पाठीवरच्या राठ केसांवर जातो आणि डुकराला पत्ताही लागत नाही. झटका ओल्या नाकालाच बसला पाहिजे.

दुसरं कारण गवत. श्रावणात गवत खालच्या तारेला टेकतं आणि सगळा जोर जमिनीत मुरतो. मशीन टक-टक वाजत राहतं, दिवा लागलेला दिसतो, आणि मालक निर्धास्त. दर आठ-दहा दिवसांनी तारेखालचा हातभर पट्टा साफ करायला माणूस हवा. ज्याच्याकडे तो नाही त्याने पैसे घालू नयेत.

तिसरं आमच्या कोकणातलं: कातळ. पाऊस संपला की जांभा कोरडा ठणठणीत होतो, अर्थिंगची सळई नावापुरती उरते. तिथे एक तार झटक्याची आणि एक तार अर्थची अशी आलटून पालटून ओढावी लागते, म्हणजे जनावर दोन्हींना टेकलं की मंडल पूर्ण होतं.

मशीनचा झटका हजारो व्होल्टचा असला तरी क्षणभराचा असतो, सेकंदाला साधारण एक. म्हणून तो माणसाला फेकतो, मारत नाही. घरच्या लाईनचा आकडा सलग धरून ठेवतो, म्हणून मारतो. या दोन गोष्टींना एकच 'करंट' म्हणणं बंद करा.

सुपारीबाग

आणि माकडांचं काय? वानर तार बघून खालून येत नाही, फांदीवरून येतो. तिथे बंदूक आवाजापुरतीच कामाची. आवाजासाठी लोक कार्बाइड गन, म्हणजे कार्बाइड आणि पाण्याच्या वायूवर धडाका करणारी नळी, वाजवतात. ऑक्टोबर २०२५ च्या दिवाळीत भोपाळला त्याच खेळण्याने कितीतरी मुलांचे डोळे गेले-दुखावले, ते वाचलं असेलच. तेव्हा 'बंदुकीपेक्षा बरं' म्हणून ते सुचवू नका.

दुनळी

चर्चा डुकरात अडकली. प्रश्न हक्काचा आहे. इंग्रजांनी १८७८ चा कायदा आणून देश निःशस्त्र केला. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांना धरून शस्त्र बाळगण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला होता. स्वराज्य आलं आणि तो हक्क गायब झाला. गुंडाकडे मध्य प्रदेशातल्या उमर्टीचा कट्टा (बेकायदा गावठी पिस्तूल), आणि सरळ माणसाला सतरा दाखले. राष्ट्रीय गुन्हे नोंदणीचे आकडे वर्षानुवर्षं हेच सांगतात: बंदुकीने झालेल्या खुनांत विनापरवाना शस्त्रांचाच वाटा प्रचंड. मग परवानाधारकाच्या मागे का लागता? २०१९ च्या दुरुस्तीने बंदुकांची मर्यादा तीनवरून दोन केली, त्याने एक तरी कट्टा कमी झाला का?

कलम_चौदा

दुनळी, कराची ठराव बरोबर सांगितलात, पुढचं पान राहिलं. डिसेंबर १९४८ मध्ये हरी विष्णू कामथांनी घटना समितीत नेमकी हीच दुरुस्ती मांडली होती, शस्त्राचा हक्क मूलभूत हक्कांत घाला म्हणून. आंबेडकरांनी विरोध केला, दुरुस्ती पडली. तेव्हा हक्क 'गायब' झाला नाही, विचार करून बाहेर ठेवला गेला. अलाहाबाद उच्च न्यायालयात १९९३ मध्ये शस्त्र हा घटनेच्या कलम २१ मधला (जीविताचा) हक्क म्हणून एकदा मान्य झाला होता, १९९५ ला पूर्णपीठाने तो निर्णय मोडीत काढला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अमेरिकेशी तुलना करून सांगितलं की आपल्या घटनेने असा हक्क दिलेला नाही.

परवानाधारकाच्या मागे का लागायचं? डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर बीडचे आकडे बाहेर आले: एका जिल्ह्यात बाराशेहून जास्त परवाने. हवेत गोळीबाराच्या चित्रफिती फिरल्या आणि मग शेकडो परवाने रद्द किंवा निलंबित करावे लागले. कलम १७ मधला हा अधिकार आधीपासूनच होता, वापरला नव्हता एवढंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला फेसबुकवरच्या थेट प्रक्षेपणात जो खून झाला, त्यातलं पिस्तूल अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं. कट्टा वाईट हे खरं, पण कपाटाला कुलूप न लावलेलं परवान्याचं पिस्तूल कट्ट्याचंच काम करतं.

आणि 'स्वसंरक्षण' म्हणताना भारतीय न्याय संहितेचं कलम ४१ वाचा. मालमत्तेसाठी जीव घेण्याची मुभा जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, जाळपोळ अशा मोजक्या प्रसंगांत आहे. साध्या चोरीत जिवाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती दाखवावी लागते. सुपारी चोरून पळणाऱ्याच्या पाठीत छर्रे घातलेत तर परवाना कामाला येणार नाही.

दुनळी

बीडच्या पुढाऱ्यांचे हट्ट आणि शेतकऱ्याची दुनळी एका तराजूत घालू नका एवढंच सांगतो.

कलम_चौदा

घालत नाहीच. शेतीच्या परवान्याला माझा विरोध नाही, कातळसड्याच्या 'तालुक्यातच' या शब्दाला आहे. तालुक्यात कोण कोणाचा मेहुणा हे सगळ्यांना माहीत असतं.

टिपणवही

निवडणुकीत परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायला लावतात, तो विषय कोणी काढला नाही, आश्चर्य आहे. खरी ठसठस तिथे आहे. २०१९ ला विधानसभेची आचारसंहिता २१ सप्टेंबरला लागली आणि निकाल २४ ऑक्टोबरला. भात पिवळं पडायची आणि कापणीची नेमकी तीच वेळ. लोकसभा २०२४ ला १६ मार्चपासून जूनपर्यंत, म्हणजे काजू-आंब्याचा सगळा हंगाम. मालवणीत म्हणायचं तर बंदूक आसा, पण ठाण्यात.

सरसकट सगळ्यांची बंदूक जमा करायची असा नियम नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निर्णयानंतर निवडणूक आयोगानेच छाननी समितीची पद्धत घातली: जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांनी प्रत्येक परवाना तपासायचा, जामिनावर असलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, दंगलीत नाव आलेले यांच्यावर भर द्यायचा. प्रत्यक्षात ठाण्यातून फोन येतो, 'आणून टाका'. तेव्हा आचारसंहिता लागायची वाट न बघता समितीकडे लेखी अर्ज द्या, पिकाचा हंगाम आणि गट नंबर लिहून, आणि पोच घ्या. जमा करावीच लागली तर पावतीवर बंदुकीचा क्रमांक, नळीची स्थिती आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. नळीत तेलाचा बोळा फिरवूनच द्या, ठाण्याच्या दमट खोलीत पावसाळ्यात महिनाभरात गंज धरतो. निकालानंतर आठवड्याने परत मिळायला हवी.

रानवाट

मघाशी राहिलेलं, 'चाप बघून ओढतो' ते. कोकणात जवळजवळ दर हंगामात बातमी असते, डुक्कर समजून सोबत्यालाच गोळी लागली. कारण तेच ते. हाकाऱ्यात एक जण ठरलेली जागा सोडून पुढे सरकतो. बॅटरी बंद असते, सळसळ ऐकू येते आणि आवाजावर बार निघतो. १२ बोरचे मोठे छर्रे चाळीस मीटरवर मीटरभर पसरतात, आणि चुकलेला छर्रा काही शे मीटर जातो. भाताच्या सपाट मळ्यात त्याला अडवायला काहीच नसतं. म्हणून पाठीमागे चढ किंवा बांध नसेल तर बार नाही, जनावर अख्खं दिसलं नाही तर बार नाही. हे प्रशिक्षणात शिकवतात. तुम्हाला तेच प्रमाणपत्र जड वाटतं.

कातळसडा

प्रमाणपत्र जड नाही, ते द्यायला कोणी नाही हे जड आहे. पोलीस मुख्यालयात शस्त्रागार आहे, गोळीबाराचं मैदान आहे. वर्षातून दोन रविवार तिथे वर्ग घ्या, मी माझा आक्षेप मागे घेतो.

नवा_सातबारा

मध्येच विचारतो. वडील वारले, त्यांच्या नावावरची ठासणीची बंदूक मांगरात (शेतावरच्या खोपटात) तशीच लटकलेली आहे. परवान्याची मुदतही गेली असेल. काय करायचं?

टिपणवही

लटकत ठेवू नका. परवाना वडिलांचा होता, तुमचा नाही. २०१९ नंतर विनापरवाना बंदुकीला किमान दोन आणि कमाल पाच वर्षं आहेत. 'वडिलांची आठवण' हा बचाव होत नाही. आधी ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या. मग २०१६ च्या नियम २५ खाली वारस म्हणून अर्ज: मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, बाकी वारसांची ना-हरकत. त्या परवान्याला युनिक नंबर पडला होता का तेही बघा, जुन्या हस्तलिखित परवान्यांत घोळ असतो. नको असेल तर तसं लेखी द्या. नुसती जमा करून विसरलात तर मुदतीनंतर ती सरकारजमा होऊ शकते. आणि वडील हयात असलेल्यांनी: सत्तरी झाली किंवा बंदूक २५ वर्षं बाळगली, की हयातीतच वारसाच्या नावे करता येते. तेव्हा सही करायला माणूस असतो.

ठाण्यात नेण्याआधी एक गोष्ट. केप (बार पेटवणारी टोपी) बसवायच्या बोंडीवर काही असेल तर हात लावू नका, नळी कोणाकडेही रोखू नका. बोंडी रिकामी असेल तर नळीचं तोंड स्वतःपासून लांब धरून गज (बार ठासायची काठी) हलकेच आत सोडा, तोंडाशी बोटाने खूण धरा, बाहेर काढून नळीला बाहेरून लावून बघा. गज बोंडीच्या चार बोटं अलीकडेच थांबत असेल तर आत बार भरलेला आहे. कोरडी राहिलेली काळी दारू वर्षानुवर्षं जिवंत असते. घरी काढायचा प्रयत्न करू नका, आहे तशी ठेवा आणि ठाण्यात फोन करून सांगा.

नवा_सातबारा

बघितलं. गज अलीकडेच थांबतोय. फोन लावतो.