खवाट्याखालची गाठ: डीप टिश्यू मसाज पुन्हा करावा का?

सुईदोरा (सातारा)
नमस्कार. मी १९ वर्षं ब्लाऊज शिवते, लग्नसराईत दिवसाला सात-आठ. गेले आठ महिने उजव्या खवाट्याच्या आतल्या कडेला, मणक्यापासून तीन बोटांवर, सुपारीएवढी गाठ लागते. दाबली की कळ थेट कानामागे जाते. संध्याकाळी हुक-काज करायला बसले की हात उचलवत नाही. मलम झालं, शेक झाला, गोळ्या झाल्या. गोळीचा अंमल उतरला की पुन्हा तेच.

गेल्या महिन्यात एका पार्लरमध्ये डीप टिश्यू मसाज करून घेतला. त्या मुलीने पाऊण तास असं रगडलं की डोळ्यांत पाणी आलं. दुखल्याशिवाय सुटत नाही, म्हणाली. चार दिवस पाठ काळीनिळी, गाठ तिथल्या तिथे. घरचे म्हणतात, नाद सोड. पण मध्येच एकदा तिने कोपर टेकवून नुसतं धरून ठेवलं होतं, तेव्हा आत काहीतरी सैल झालं होतं. ते काही डोक्यातून जात नाही. पुन्हा जावं का?

मणका
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. ते कोपर टेकवून धरणं, तेच खरं काम होतं. बाकीचा पाऊण तास वाया गेला.

डीप म्हणजे जोरात नव्हे, खालच्या थरापर्यंत. आधी तळव्याने वरचे स्नायू ऊबदार करायचे, तेही थोड्याच तेलावर, कारण तेल जास्त झालं की हात घसरतो, पकड मिळत नाही. मग आखडलेल्या जागी अंगठा किंवा कोपर टेकवून ३० ते ९० सेकंद थांबायचं. तुम्ही श्वास रोखलात किंवा अंग चोरलंत, तर दाब जास्त झाला. नंतर एक-दोन दिवस अंग ठणकतं, ते चालतं. काळंनिळं पडणं चालत नाही.

शिवाय दुखतं तिथेच मूळ असतं असं नाही. मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून खवाट्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत एक स्नायू येतो. डोकं साडेचार-पाच किलोचं; सुईकडे वाकून बसलात की ते दिवसभर मागून हाच आणि त्याच्या वरचा मोठा स्नायू तोलून धरतात. तो कोपरा तपासून घ्या.

आधी एवढं सांगा: हाताला मुंग्या येतात का, बोटांतून सुई निसटते का? रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का? हाडं ठिसूळ असल्याचं कधी कुणी सांगितलंय? यातलं एकही असेल तर मसाज नको, आधी डॉक्टर. आणि मशीनवरचा दिवा कुठल्या बाजूला आहे?

लाल माती (कोल्हापूर)
ताई, मी बारा वर्षं तालमीत काढली. मेहनत झाली की आम्ही पोरं एकमेकांची मालिश करायचो. नवा पोरगा मनगटाच्या ताकदीनं रगडायचा. वस्ताद त्याचा हात धरायचे, म्हणायचे, अंगाचा भार टाक आणि थांब, मांस आपणहून जागा देतं. आजही माझ्या मुलाची पाठ मी तशीच दाबतो. मणक्याच्या हाडावर मात्र कुणाला हात लावू देऊ नका.

सुईदोरा
पाच आठवड्यांनी लिहितेय. मुंग्या नव्हत्या, गोळीही नाही, म्हणून इथल्याच एका फिजिओताईंकडे चारदा जाऊन आले. त्यांनी गाठीला हातच लावला नाही, खवाट्याच्या मानेखालच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला, आणि कानामागची ती ओळखीची कळ तिथून निघाली! मी म्हटलं, हीच, हीच. त्या हलल्या नाहीत. मी सातवा-आठवा श्वास सोडला तेव्हा कळ ओसरत ओसरत गेली. मला रडू आलं, पण दुखण्याचं नव्हे.

गाठ अजून लागते, हरभऱ्याएवढी. स्टुलावर जुन्या लुगड्याची चौघडी टाकून बसते, त्यामुळे खांदे वर उचलावे लागत नाहीत. दर ब्लाऊजनंतर उठून दारापर्यंत जाते, भिंतीला पाठ लावून दहा वेळा हात वर-खाली करते. काल रात्री अकरापर्यंत काज केले.

मणकाताई किंवा दादा, जे असाल ते, दिवा डावीकडेच आहे, मी मान तिकडेच वळवून बसते. उद्या वायरमनला बोलावलंय.