‘सेग्रिगेशन’ला मराठीत नेमके काय म्हणावे?

तळटीप: अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे वंशभेदाबाबतचे जुने निकाल मराठीत मांडताना ‘सेग्रिगेशन’पाशी, म्हणजे काळ्या-गोऱ्यांना सक्तीने वेगळे ठेवण्यापाशी, अडायला होते. विलगीकरण, पृथक्करण, विभाजन, वर्णभेद असे चार शब्द चालतात. यातला कोणता घ्यावा? आणि सोयी समान असतील तर वेगळे ठेवणे चालते, या ‘सेपरेट बट इक्वल’ तत्त्वाला ‘स्वतंत्र पण समान’ म्हटले तर चालेल का?

मोडीवाचक: ‘पृथक्करण’ म्हटले की रसायनशाळा किंवा मुद्द्यांची चिकित्सा डोळ्यांपुढे येते. ‘विभाजन’ फाळणीकडे नेते. ‘वर्णभेद’ रूढ आहे, पण मराठीत वर्ण म्हणजे रंगही आणि चातुर्वर्ण्यातला वर्णही, म्हणून अमेरिकेबद्दल लिहिताना ‘वंशभेद’ बरा. तरीही वंशभेद ही वृत्ती झाली. सेग्रिगेशन ही त्या वृत्तीतून उभी केलेली व्यवस्था. आपल्याकडचा ‘पंक्तिप्रपंच’ इथे लागू पडत नाही, कारण त्यात पंगत एकच असते आणि वाढण्यात दुजाभाव होतो. इथे पंगतच वेगळी, आणि तीही कायद्याने.

राहिले ‘विलगीकरण’. करोनाकाळापासून ते रुग्णांना चिकटले आहे, त्यामुळे एकटे वापरू नये. ‘सक्तीचे वांशिक विलगीकरण’ असे पूर्ण लिहावे. ‘सक्तीचे’ गाळले तर लोक आपखुशीने वेगळे राहत होते असा समज होतो.

‘स्वतंत्र’ तर नकोच. ‘महिलांसाठी स्वतंत्र डबा’ म्हणताना त्यात सोयीचा भाव असतो. काळ्या-गोऱ्यांना रेल्वेचे डबे वेगळे करणाऱ्या लुइझियाना राज्याच्या १८९० च्या कायद्यात चुकीच्या डब्यात बसण्याचा हट्ट धरणाऱ्याला २५ डॉलर दंड किंवा २० दिवसांपर्यंत कैद होती. ‘वेगळे पण समान’ हेच योग्य. एक बारकावा: त्या कायद्यातला शब्दक्रम उलटा, म्हणजे ‘समान पण वेगळे’ असा होता. कायद्यातले वाक्य अवतरणात देताना तोच क्रम ठेवावा.

तळटीप: याच कायद्याखाली होमर प्लेसी यांना १८९२ मध्ये न्यू ऑर्लीन्सला अटक झाली. मग त्यांच्या खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १८९६ च्या निकालाबद्दल ‘न्यायालयाने विलगीकरण लागू केले’ असे लिहिता येईल?

मोडीवाचक: नाही. लागू राज्याने केले. न्यायालयाने सात विरुद्ध एक मतांनी कायदा ‘वैध ठरवला’. ‘उचलून धरला’ ढोबळ लिखाणात ठीक. ‘कायम केला’ हे खालच्या न्यायालयाच्या निकालाबद्दल म्हणतात. इथे दोन्ही घडले: लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कायम झाला आणि कायदा वैध ठरला. ही काटेकोर वाटणी सोडू नये, कारण न्यायालयाने राज्यांना मोकळीक दिली आणि राज्यांनी ती शाळा, दवाखाने, पाणवठ्यांपर्यंत ताणली. याच न्यायालयाचा त्याआधीचा १८८३ चा निकाल वेगळ्या जातीचा. तिथे १८७५ च्या नागरी हक्क कायद्यातली मुक्कामाची हॉटेले, वाहने, नाट्यगृहे यांबाबतची कलमे ‘घटनाबाह्य ठरवली’. कारण दिले ते असे की राज्यघटनेची समान संरक्षण देणारी चौदावी दुरुस्ती राज्याच्या कृतीला बांधते, खासगी मालकाला नाही.

शाईदौत: आता प्लेसी निकालातल्या न्या. हार्लन यांच्या भिन्नमताबद्दल. राज्यघटना ‘कलर-ब्लाइंड’ आहे या त्यांच्या वाक्यासाठी कृपा करून ‘वर्णांध’ लिहू नका. ‘धर्मांध’ म्हणजे धर्माने आंधळा झालेला; त्याच चालीवर ‘वर्णांध’चा अर्थ वर्णद्वेष्टा होतो, म्हणजे हार्लन यांच्या म्हणण्याच्या थेट उलट. ‘रंगांध’ हा डोळ्यांचा विकार. ‘आपली राज्यघटना रंग पाहत नाही’ असे साधे वाक्य करावे.

शाळांमधल्या विलगीकरणाबाबतच्या १९५४ च्या ब्राउन निकालाबद्दलही जपून. ‘प्लेसी निकाल संपूर्ण रद्द केला’ हे चूक आहे. ‘सार्वजनिक शिक्षणात वेगळे पण समान या तत्त्वाला स्थान नाही’ एवढेच त्यात म्हटले होते. अलाबामातल्या माँटगोमेरी शहराच्या बसगाड्यांबाबतचा निर्णय १९५६ मध्ये वेगळा झाला.

तळटीप: आणि शाळांतले विलगीकरण किती वेगाने संपवावे हे सांगणाऱ्या १९५५ च्या दुसऱ्या ब्राउन निकालातले ‘विथ ऑल डेलिबरेट स्पीड’? ‘शक्य तितक्या लवकर’ असे भाषांतर वाचले आहे.

शाईदौत: त्याने सगळा अर्थ हरवतो. ‘डेलिबरेट’मध्ये विचारपूर्वकता आहे आणि संथपणाही. ‘विचारपूर्वक वेगाने’ लिहावे आणि पुढे स्पष्ट करावे की मुदत दिलेलीच नव्हती. त्या एका शब्दाच्या आडोशाने दक्षिणेतल्या राज्यांनी वर्षानुवर्षे काढली. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर १९५९ ते १९६४ सार्वजनिक शाळाच बंद ठेवल्या. ही सवलत आता संपली, असे न्यायालयाला १९६४ मध्ये सांगावे लागले. मुले मात्र तोवर मोठी झाली होती.

मोडीवाचक: आणखी एक जोडी: ‘डी जुरे’ आणि ‘डी फॅक्टो’. ‘कायद्याने लादलेले’ आणि ‘प्रत्यक्षात असलेले’ असे लिहा. ‘नैसर्गिक’ किंवा ‘आपोआप झालेले’ लिहू नका. १९७४ च्या डेट्रॉइटच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी शहराबाहेरच्या शाळा-जिल्ह्यांना विलगीकरण संपवण्याच्या योजनेतून वगळले गेले, कारण त्यांनी घटनाभंग केल्याचे सिद्ध झालेले नव्हते. त्या वस्त्या गोऱ्या कशा झाल्या, यामागे घरकर्जांची आणि घरविक्रीच्या करारांची धोरणे होती. ‘आपोआप’ या शब्दाने ती धोरणेच पुसली जातात.